दादाचे दोन मिड आणि उघड्या फळ्या

आमच्या हॉलमध्ये दोन फळ्या उभ्या आहेत. जाड प्लायच्या, कमरेपेक्षा थोड्या उंच, मागून तिरके टेकू दिलेल्या. प्रत्येकीत एक गोल भोक आणि भोकात आठ इंची स्पीकर. मागची बाजू पूर्ण उघडी. लोहचुंबक, वायरी, सगळं दिसतं. त्या भिंतीपासून चांगल्या पुढे असल्यामुळे आलेला माणूस त्यांना वळसा घालूनच सोफ्यापर्यंत पोचतो. बहुतेक जण विचारतात, काम अर्धवट राहिलंय का? मी हो म्हणतो. खरं उत्तर द्यायचं तर दादापासून सुरुवात करावी लागते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मावळात आमच्या गावी, औंढ्याला, शेती सांभाळून त्याने मंडप आणि स्पीकरचा धंदा केला. लग्नं, बारशी, जत्रा, देवळातलं भजन. मी लोणावळ्यात शिकत होतो, सुट्टीत त्याच्या टेम्पोत बसून जायचो. खोकी उतरवणं त्याच्याकडे, वायरी सोडणं माझ्याकडे, कारण वायरी हलक्या असतात. संध्याकाळी मंडपात माणसं बसायला लागली की दादा माईकवर फुंकर मारायचा, दोनदा हॅलो म्हणायचा आणि सगळ्यात मागे जाऊन उभा राहायचा. तिथे शब्द कळले तर काम झालं. मग तो परत येऊन सेटशेजारी बसायचा, तो शेवटपर्यंत. जनरेटरच्या धुराचा आणि ताज्या पेंढ्याचा तो एकत्र वास मला अजून कुठे आला तर मी थांबतो.

पुढे लोकांना भिंतीएवढे बेस लागायला लागले. दादाने सेट मोडला. भजनाच्या खोक्यांतले दोन मिड तेवढे ठेवले. मिड म्हणजे मधल्या पट्टीचा स्पीकर. पोटात घुसणारी धडधड त्यात नसते, झांजेची टोकाची किणकिणही नसते. पण माणूस बोलतो, गातो ते बहुतेक त्यातूनच येतं. गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून ते त्याने माझ्या वराळ्याच्या फ्लॅटवर आणून दिले.

"तुज्या घरात लाव," म्हणाला. "मी येतो भजन ऐकाया."

तोवर त्याचे कान गेले होते. पूर्ण नव्हे. आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. चार माणसांत तो गप्प बसू लागला होता आणि हळूहळू चार माणसांत येईनासाच झाला होता. डॉक्टरांनी दिलेलं मशीन त्याने कपाटात ठेवून दिलं, कारण त्यात पंखाच सगळ्यात मोठा वाजतो. इतकी वर्षं सेटशेजारी बसून त्याने ते कान घालवले, आणि मी वायरी सोडून झाल्या की पुस्तक घेऊन टेम्पोत जाऊन बसत होतो. हे मला त्याच्यासमोर कधी बोलता आलेलं नाही. निदान हे काम तरी नीट करू, असं वाटलं. नीट करण्याच्या नादात दोन वर्षं गेली.

असे मोठ्या सेटचे मिड घरात लावायचे तर खरा प्रश्न खोक्याचा. ते मैदानासाठी बनवलेले असतात. पडद्याचा कागद हलका, कडा ताठ, जराशा करंटवर ओरडणारे. माझ्याकडच्या बेसच्याच खोक्यात बसवले तर बेसने ढकललेली हवा मिडच्या कागदाला मागून धक्के देते आणि गाणाऱ्याचा आवाज थरथरतो. म्हणून मिडला वेगळं खोकं हवं. पहिलं एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीचं केलं. मावळातल्या पावसाळ्यात त्याचे कोपरे चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे फुगले. मग प्लायचं केलं, बंद, टीव्हीच्या शेल्फवर बसेल एवढं लहान. त्यात गाणारा नाक धरून गातोय असं वाटायचं. उशीतला कापूस आत भरला, तेव्हा थोडं सुधारलं. मोठ्या खोक्यात आणखी चांगला वाजला असता, पण ते ठेवणार कुठे? एकदा नुसत्या फळीवर लावून पाहिला. मागे काहीच नाही, आणि आवाज एकदम मोकळा झाला. पण फळी भिंतीला टेकवली की भिंतीवरून परतलेला आवाज त्यात कालवला जातो. ती खोलीत पुढे ओढावी लागते. आमचा हॉल म्हणजे सोफा, टीव्ही आणि मधे जेमतेम चालायची वाट. फळ्या पलंगामागे गेल्या, शेल्फवर लहान खोकी राहिली, आणि मी कापूस कमीजास्त करत बसलो.

या काळात दादाचे फोन यायचे. फोनवर त्याला कळत नसे, म्हणून तोच बोलायचा. झालं का खोकं, एवढंच विचारायचा. मी ओरडून सांगायचो, झालं की बोलावतो. मग त्याने विचारणं बंद केलं. मला वाईट वाटायला हवं होतं, सुटल्यासारखं वाटलं.

गेल्या भातकाढणीनंतर तो न बोलावताच आला. हातात नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी. मी गडबडीने औंढ्याच्या देवळातलं जुनं भजन लावलं, त्यानेच कधीकाळी सेटवरून कॅसेटवर घेतलेलं आणि मी फोनवर उतरवलेलं. पहिल्या ओळीपासून दादा मान डोलवू लागला. मग मांडीवर ठेका, मग शब्दाला शब्द लावून गुणगुणणं. मी बायकोकडे बघून खूण केली, जमलं.

भजन संपलं, पण रेकॉर्डिंग चालूच होतं. कपबश्या वाजत होत्या, चहा फिरत होता. टाळकऱ्यांतले एक आबा, जे आता नाहीत, चहा वाटणाऱ्याला म्हणाले, "त्या स्पीकरवाल्याला परत च्या देऊ नगा रं. त्यानं दोनदा घेतलाय."

रेकॉर्डिंगमधली माणसं हसली. आम्ही दोघंही हसलो. दादाने आमच्या तोंडांकडे पाहिलं, आणि मग जरा उशिरा तोही हसला.

भजन त्याला पाठ होतं. तो ऐकत नव्हता, आठवत होता. असा उशिरा हसत तो किती घरांतून उठून गेला असेल, कोण जाणे.

बायकोलाही ते दिसलं होतं. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, त्या पलंगामागच्या फळ्या काढा."

मी जागेचं म्हणालो.

"सोफा सरकवा. सोफ्याला काय ऐकायचंय?"

तिचा सोफ्याकडे गेलेला हात दादाने पाहिला. त्याने उठून सोफ्याचं जड टोक धरलं आणि मला म्हणाला, "तू हलक्या बाजूला हो."

मिड खोक्यातून काढून फळ्यांवर चढवले. घरातल्या बेसशी जुळावा म्हणून मिडचा जोर दाबायला मी रेझिस्टर घातले होते, तेही काढून टाकले. माझ्या कानांना आता तो आवाज बोचणार होता. दादाची खुर्ची समोर ठेवली आणि भजन पुन्हा लावलं. या वेळी तो गुणगुणला नाही. मान पुढे काढून बसला. भजन संपलं, कपबश्या वाजल्या, आबा बोलले. मी दादाकडेच बघत होतो. तो आमच्याकडे वळलाच नाही. फळीकडे बोट करून म्हणाला, "खोटं बोलतोय म्हातारा. मला येकदाबी मिळाला नव्हता."

मग त्याने ते परत परत लावायला लावलं. खोकणारा कोण, मागून चप्पल शोधणारा कोण, पेटीवाला कुणाशी कुरकुरतोय, सगळं आम्हाला सांगत बसला. कित्येक महिन्यांत तो माझ्या घरात एवढा बोलला नव्हता. निघताना जिन्यात मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो की आता याला चांगलं खोकं करतो, मोठं, कापूस भरून.

"खोक्याचं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मला काय ऐकू न्हाई आलं तरी मी बसलो असतो की. बोलवायचं तरी."

तो कठडा धरून खाली उतरला.

फळ्या तिथेच आहेत. त्यांना पॉलिशही केलेलं नाही. पाहुणे अडखळतात, बायको त्यांना सांभाळून यायला सांगते. शेल्फवरच्या रिकाम्या खोक्यांत आता टीव्हीचा रिमोट आणि चार्जर असतात. फोन मात्र आता मी करतो. ओरडून एवढंच विचारतो, येतोस का? माझा फोन म्हणजे हाच प्रश्न, हे त्याला आता पाठ आहे. मग तो म्हणतो, च्या असला तर येतो.