दहा मिनिटं पुढे

आमच्या बोलीत ळचा य होतो. केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया, आणि पळाली म्हणजे पयनी. माझी मुलगी गेली त्या दिवसापासून हा शेवटचा शब्द आमच्या घरात कोणी काढत नव्हतं. गल्लीत मात्र तोच चालायचा, नळावर, पिठाच्या गिरणीवर, भाजीच्या गाडीपाशी. “पोर पयी गई तिन्ही.” मेल्यांना दुसरा उद्योगच नव्हता.

तिनं कॉलेजातल्या एका मुलाशी लग्न केलं. दुसऱ्या समाजातला. लोणखेड्यात भाड्याच्या खोलीत राहायला लागली, म्हणजे आमच्या गावापासून मोटारसायकलवर अर्धा तास. अमक्याच्या नावानं आंघोळ केली असं माणसं नुसतं म्हणतात. आमच्या ह्यांनी ती खरोखर केली. अंगणातल्या नळाखाली बसले, चार बादल्या डोक्यावर ओतल्या आणि म्हणाले, “आते ती आपलाकरता मरी गई.” मग माझ्याकडे बघत राहिले. मीही दोन तांबे ओतून घेतले. का ओतले? भ्याले म्हणून ओतले, दुसरं काय! ते दोन तांबे मला आजही अंगावर पडल्यासारखे वाटतात.

“तिन्हा उंबरा चढनी तं हाऊ उंबरा विसरी जा,” असं त्यांनी बजावलं होतं. आणि मी कुठं एकटी जाणार? शहाद्याला जाणाऱ्या काळीपिवळीचा ड्रायव्हर आमच्याच गल्लीतला. दवाखान्यात जायचं तरी हेच मोटारसायकलवर नेत आणि बाकड्यावर शेजारी बसून राहत.

दोन वर्षं अशी गेली. मग मला शुगर निघाली. डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं, आणि डॉक्टरचं म्हणणं ह्यांनी कधी मोडलं नाही. पहाटे आमच्या बचत गटातल्या बायकांबरोबर मी शिवाररस्त्यानं चालू लागले. बरोबर गावची आशा वर्कर असायची. तिला सगळा गाव ताई म्हणतो. एकदा बाकीच्या पुढे गेल्या तेव्हा तिनं स्वतःचा फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे माझी पोर. तिच्या मागून एक बाळ केकाटत होतं.

मुलगी झाली होती तिला. सात महिन्यांची. आणि मला, आजीला, आत्ता कळत होतं!

महिला दिनाला शहाद्यात बायकांची दौड होणार हे त्याच सुमाराला कळलं. तीन किलोमीटर, शहाद्यातून निघून लोणखेड्याच्या कॉलेजच्या मैदानापर्यंत. पळा नाहीतर चाला. आमच्या गटानं नावं दिली, ट्रॅक्टरची ट्रॉली ठरली. त्या दिवशी शेतीची लाईट सकाळची होती, म्हणजे हे केळीला पाणी भरत बसणार. मुलीनं फोनवर सांगितलं, “माय, गेटजवळ पाणीना टेबल ऱ्हाई. तठे उभी ऱ्हासू. पोरगीले भी लई येसू.”

अडचण एकच होती, आमच्या गटातल्या अकरा बायका. त्यांच्या देखत मी तिला भेटले तर ट्रॉली गावात पोचायच्या आत बातमी पोचली असती. म्हणून मी ठरवलं, ह्या सगळ्यांच्या दहा मिनिटं पुढे पोचायचं. बक्षीस गेलं खड्ड्यात. मला दहा मिनिटं पाहिजे होती. नातीला पोटाशी धरायला तेवढी पुरे होती.

त्या दहा मिनिटांसाठी मी पन्नाशीत पळायला शिकले. रस्त्याच्या कडेला विजेचे खांब आहेत. पहिल्या दिवशी एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळाले आणि केळीच्या बांधावर मटकन बसले. छातीत असं दुखलं की वाटलं, इथंच आटपतंय. आठवड्यानं तीन खांब झाले. संक्रांत गेली तेव्हा सात. पातळाचा काचा मारला, पायात भावानं टाकून दिलेले बूट घातले आणि पुढे चिंध्या कोंबल्या. अंगठ्याचं नख काळं पडून निघालं. शुगरवाल्या बाईनं पायाची जखम लपवू नये, ताई ओरडायची. मी लपवायचे. ह्यांनी पाहिलं असतं तर सगळंच बंद.

शेजारीण ओट्यावरून ओरडली, “काय व, पोरना मांगे तू भी पयी जास का?”

“पयसू तं तुले सांगीसन पयसू!” मी म्हटलं. गल्ली हसली. मीही हसले आणि घरात येऊन पदर तोंडात कोंबला.

शेवटी रस्त्याच्या टोकाला विजेची डीपी आहे तिथपर्यंत जाऊन परत, न थांबता. ताई मोबाईलवर वेळ लावायची. त्या दिवशी बाकीच्यांना मागे धरून ठेवायचं कामही तिनं घेतलं. “फोटो काढाले लावसू त्यास्ले,” म्हणाली.

दौडीच्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. आमच्या बायका पहिल्याच वळणावर ताईच्या फोनसमोर उभ्या राहिल्या. कॉलेजच्या पोरी हरणासारख्या पुढे गेल्या, त्या दिसेनाशा झाल्या. मधल्या रस्त्यावर मी एकटी. मागे वळून पाहिलं तर चिटपाखरू नव्हतं. दहा काय, पंधरा मिनिटं कमावली होती मी! पळता पळता रडत होते, पण पाय चालू होते.

गेट दिसलं. पांढऱ्या चादरीचं टेबल दिसलं. टेबलाच्या ह्या बाजूला माझी मुलगी उभी होती, वाळलेली, हिरव्या साडीत. कडेवर बाळ, त्याच्या डोक्यावर लाल टोपडं. एका हातात तिनं माझ्यासाठी पाण्याचा ग्लास धरला होता.

आणि टेबलाच्या त्या बाजूला, चार-दोन बघ्यांमधून मान वर काढून, हे. लाईट गेली होती. पाणी बंद पडलं म्हणून मोटारसायकल काढून बायकोची दौड बघायला आले होते. आयुष्यात कधी माझ्यासाठी कुठं आले नाहीत, ते त्या दिवशी आले. टाळ्या वाजवत होते. शेजारच्या माणसाला सांगत होते, “ती मन्ही घरवाली शे!” मला पाहून ओरडले, “पय व, पय! थांबू नको!”

त्यांना मुलगी दिसली नव्हती, तिची त्यांच्याकडे पाठ होती आणि त्यांचे डोळे माझ्यावर. मध्ये टेबल होतं, पाच-सहा पावलं होती. मी थांबले असते तर दिसली असती.

मी टोपड्याकडे बघितलं. टोपड्याकडेच. वर तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मान सरळ केली आणि पुढे पळत सुटले. ग्लास माझ्या कोपराला लागला, पाणी हातावर सांडलं.

मैदानात गळ्यात पदक घातलं. ह्यांनी फोटो काढले, मला मागे बसवलं आणि ट्रॉलीची वाट न बघता घरी आणलं. गेटातून निघताना पाहिलं, टेबलापाशी एक माणूस रिकामे ग्लास गोळा करत होता.

आता हे घरी येईल त्याला सांगतात, “काय पयनी मन्ही बायको, काय पयनी!” दोन वर्षं जो शब्द घरात चालत नव्हता तो आता चहाबरोबर चालतो. चहा मीच आणून ठेवते.

मुलीचा फोन त्यानंतर आला नाही. आठ-दहा दिवसांनी ताई शिवाररस्त्यावर भेटली. मग म्हणाली, “काकू, तिनी एकच इचारं. मायले मी दिसनू का नही?”

“सांग तिले,” मी म्हटलं, “गर्दीम्हा दिसनी नही.”

ताई थांबली. “गर्दी कोठे व्हती, काकू? तू तं एकलीच व्हती.”