कलमाला वळसा घालणारी भिंत

ओढणी कमरेला खोचायची, हनुवटी वर करायची आणि म्हणायचं, "होईल गो! न व्हायला काय झालं?" एवढं झालं की ते काम होणारच. माझ्या खालच्या घरातल्या भाभीची ही सवय. तुमच्याही शेजारी अशी एखादी असेल. असेल तर मी काय सांगतेय ते तुम्हाला लगेच कळेल, कारण अशा बाईचा हेवा न वाटणारी शेजारीण मी तरी पाहिलेली नाही.

रत्नागिरीहून खाडी ओलांडली की आमचं गाव. उतारावर वर माझं घर नि आंब्याची कलमं, त्याखाली तिचं घर. तिचा नवरा कुवेतला. गावात पर्यटकांसाठी पहिल्या खोल्या मी काढल्या. घावणे, मोदक, सोलकढी, सगळं माझ्या हातचं. मग तिने काढल्या. मिरकरवाड्याच्या बंदरावर स्वतः जाऊन ती मासळी आणायची, आणि तिच्या तळलेल्या सुरमईचा वास माझ्या जेवून उठलेल्या पाहुण्यांनाही खाली खेचायचा. तेवढं मी सोसलं. पण मग तिने स्विमिंग पूल बांधला.

माझे पाहुणे माझ्या ओट्यावर बसून, माझा चहा पीत, तिच्या निळ्या पाण्याकडे बघायचे. "तिकडे आम्हाला पोहता येईल का हो?" असं एकाने विचारलं. मला! मी म्हटलं, "समोर एवढा समुद्र आहे की." भाभीला हे कळलं तेव्हा ती वर आली. "पाठव गो त्यांना. पाणी काय संपतंय?" चांगलं वागून माणूस दुसऱ्याला किती छळू शकतं, ते मी तिच्याकडून शिकले.

पूल बसवायला तिने आमच्यामधला उतार सरळ कापला होता. श्रावणातल्या एका सकाळी तो खाली आला. माझ्या बागेच्या कडेची लाल माती धडधडत तिच्या पुलात गेली. मी धावत कडेला पोचले, तर निळं पाणी लालभडक. आधी मला बरंच वाटलं. मग दिसलं की सासऱ्यांनी लावलेलं आमचं सगळ्यात जुनं कलम अर्धी मुळं उघडी टाकून कडेला लोंबतंय.

भाभी काठावर उभी होती. माझी भांडणाची वाक्यं तयार होती. माती माझी असली तरी उतार तू कापलास! तिने वर बघितलं आणि हसत ओरडली, "अगो, चहा झाला बघ माझ्या तळ्याचा! कप घेऊन ये!"

भांडायलासुद्धा तिने जागा ठेवली नाही.

पावसाळा सरल्यावर माती अडवणारी भिंत घालायचं ठरलं. इंजिनीअर आले, दोरी धरून बघितलं आणि म्हणाले, "भिंत सरळ न्यायची तर वरचं कलम काढावं लागेल." मी वरून ऐकत होते.

भाभीने ओढणी खोचली. "झाड नाही काढायचं. भिंत वळवा."

"मग पुलाची ही बाजू अरुंद होईल. खुर्च्या टाकायला जागा उरणार नाही."

"न उरू दे. लोक पोहायला येतात. बसायला त्यांच्या घरी खुर्च्या असतील."

आता सांगा, अशा बाईचं काय करायचं? माझं झाड वाचलं, पण आनंदापेक्षा जळफळाटच जास्त झाला. तिच्या जागी मी असते तर झाड गेलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

काम सुरू झालं. आमच्या न्हाणीघराचा गळका नळ कधी न बघणारा माझा नवरा रोज सकाळी चहा घेऊन खाली जायला लागला. जेवताना मला ऐकवायचा, "भिंतीच्या मागे खडी भरायची, मधून पाईप काढायचे. मागचं पाणी बाहेर पडलं पाहिजे, नाहीतर त्याच्या भाराने भिंत ढासळते. भाभी सांगत होती." मी भात जरा जोरातच वाढायचे.

भिंत कमरेएवढी झाली होती, मागची कापलेली माती उघडीच होती, आणि एका दुपारी अवकाळी आभाळ भरून आलं. गवंडी जेवायला गेलेले, नवरा बाजारात. खालून हाक आली, "अगो, ताडपत्री धर!"

मी चपला टाकून धावले. पाऊस कोसळायला लागला होता, वारा ताडपत्री हिसकावत होता. ती खालून ताणत होती, मी वरून कडांवर दगडी चिरे ठेवत होते. शेवटचा चिरा ठेवला आणि माझा पाय सरकला. मी चिखलातून घसरत थेट भाभीच्या अंगावर. दोघी आडव्या. वर ताडपत्री फडफडली, पण टिकली. माती हलली नाही. कलमही हललं नाही.

मग तिच्या पडवीत बसून आम्ही पाऊस थांबायची वाट बघितली. मला वाटलं, आता ती म्हणेल, 'तुझा नवरा रोज घरी असतो, मला तुझा हेवा वाटतो गो.' समजूत घालायला मी दोन शब्दही जुळवून ठेवले. ती माझ्या केसांतला चिखल काढत म्हणाली, "घावण्याच्या पिठात तू काय घालतेस गो? माझे तव्यावरच फाटतात."

हेवा वगैरे तिच्या गावीच नव्हता. मी निमूटपणे सांगितलं. नणंदेलाही कधी सांगितलं नव्हतं.

भिंत पुरी झाली. कलमाला वळसा घालून गेलेली, दर्शनी बाजूला जांभ्याचे चिरे. पुढच्या उन्हाळ्यात त्या कलमाचे पिकले आंबे टपटप तिच्या पुलात पडले आणि तिच्या पाहुण्यांनी बुड्या मारमारून ते काढले. आंबे माझे, कौतुक तिच्या पुलाचं.

मागच्या वर्षी तिच्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्याला तिकडे एकटं ठेवता येईना, म्हणून तिने खोल्या बंद केल्या, पूल रिकामा केला, घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि गेली. आता गावात येणारे पाहुणे माझ्याकडेच उतरतात. पोहण्याचं कोणी विचारत नाही. संध्याकाळी मी ओट्यावर बसते, आणि कोणाला नावं ठेवावीत ते सुचत नाही.

परवा तिने फोनवर फोटो पाठवला. कुवेतच्या समुद्राकाठी ती उभी आहे, बारीक झालीय, पण हसतेय. शेजारी एक बाई. भाभीचा हात तिच्या खांद्यावर. खाली लिहिलंय, "ही माझी इथली शेजारीण."

मी फोटो मोठा केला. त्या बाईचा चेहरा नीट न्याहाळला. पुन्हा न्याहाळला. तुम्ही बघितलात तर तुम्हीही हेच म्हणाल. काही खास नाही.