वजनाचा रकाना

सप्टेंबरात नवऱ्याला स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी बजावलं, बर्फ उपसायचा नाही. नवरा म्हणाला, "उपसायचा नाही म्हणाले. तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडण्याबद्दल कुठे काय बोलले?" मी वाद घातला नाही. डॉक्टरांच्या ऑफिसला मेसेज टाकला, 'तेही बंद' असं उत्तर आलं, त्याची प्रिंट काढून फ्रिजवर लावली.

आम्ही अमेरिकेच्या थंड भागात, श्रूजबरीला राहतो. जानेवारीत जवळच्या तळ्यावर बर्फ धरला की हा अलिबागचा माणूस भोकात गळ सोडतो, उलट्या बादलीवर बसतो आणि दुपारपर्यंत खूश असतो. भोक पाडायला त्याच्याकडे हाताचं गिरमिट होतं. सुताराचं असतं तसंच, पण कमरेच्याही वर येणारं. ते दाबत दाबत फिरवायचं. बर्फ वीतभर असला तर ठीक, हातभर असला तर धडधाकट माणसाचाही दम निघतो.

मुलगी तिकडे उबदार दक्षिणेत, अल्फारेटाहून फोनवर म्हणाली, "मॉम, जस्ट टेल हिम टू स्टॉप." तिला काय जातंय सांगायला. हिवाळाभर खिडकीशी तोंड पाडून बसलेला नवरा तिला नाही सांभाळायचा. मला दोन्ही हवं होतं. तो जिवंतही हवा होता आणि तळ्यावरही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी कामावर असताना तो एकटाच तळ्यावर जाऊन आला. मी भडकले. "अगं, कोणीतरी पाडून ठेवलेलं भोक मिळालं," तो म्हणाला, "मासा काही लागला नाही." फुकटच्या भोकात कसा लागेल, असं म्हणून मी त्याला जेवताना भरपूर चिडवलं. एरवी हा एकाला दोन ऐकवतो, पण त्या दिवशी गप्प जेवला. दुसऱ्या दिवशी आपणहून लॅपटॉप उघडून मोटरवाल्या गिरमिटांची एक्सेल शीट करायला बसला. मला वाटलं, फ्रिजवरचा कागद लागू पडला.

शीट तीन दिवस चालली. ब्लेड, पेट्रोल की बॅटरी, मिनिटाला किती फेरे, वॉरंटी. पिवळा रंग देऊन निवडलेलं गिरमिट निघालं दहा इंची, पेट्रोलवरचं. आमच्या तळ्यात तळहाताएवढे पर्च मासे मिळतात, दहा इंची भोकातून हा कोणाला वर काढणार होता कोण जाणे. पण घ्यायचंच तर मोठं घ्या, पुढे उपयोगी पडेल, ही आमच्या घरची रीतच आहे. मुलीचे फ्रॉकसुद्धा आम्ही वाढत्या अंगाचे घ्यायचो.

शनिवारी आमिष आणि गळ विकणाऱ्या दुकानात गेलो. दुकानातल्या साठीच्या बाईंनी ते दहा इंची धूड काढून दिलं. नवऱ्याने ते उचललं तशी त्याच्या मानेची शीर तट्ट फुगली. वर ते सुरू करायला लॉनमोवरसारखी दोरी ओढायची, आणि थंडीत एका ओढीत ते ऐकत नाही.

"तुझ्या शीटमध्ये वजनाचा रकाना कुठाय?" मी विचारलं.

"वजनाचं काय एवढं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती शीट त्याने स्वतःसाठीच केली होती, पण सप्टेंबरच्या आधीच्या स्वतःसाठी. मला रागही आला आणि रडूही आलं.

बाईंनी विचारलं, दिवसाला किती भोकं पाडता, बर्फ किती जाड, आणि पाडणार कोण. शेवटच्या प्रश्नाला मी म्हणून गेले, "मी." नवरा माझ्याकडे बघतच राहिला. तोवर मी तळ्यावर जायचे ती गाडीत हीटर लावून पुस्तक वाचायला.

मग बाईंनी सहा इंची, बॅटरीवरचं गिरमिट पुढे केलं. मी जाड हातमोजे घालून ते उचललं, बटण दाबून बघितलं, हातमोज्यांसकट बॅटरी काढून परत बसवली. जमलं.

"हे खेळणं आहे," नवरा म्हणाला.

"मग खेळू या," मी म्हटलं आणि घेतलं.

थंडीने बॅटरी लवकर उतरते, ती उबेत ठेवा, असं बाईंनी बजावलं होतं. रविवारी सकाळी मी ती नॅपकिनात गुंडाळून पोळ्यांच्या कॅसरोलमध्ये ठेवली. पोळ्या गेल्या फॉइलमध्ये. तळ्यावर बर्फ ठोकून बघत पहार घेऊन मी पुढे, बादली घेऊन तो मागे. पहिल्या भोकाला गिरमिट ताटातल्या लाडवासारखं इकडेतिकडे पळालं. "दाबू नकोस, त्याला त्याचं काम करू दे," तो म्हणाला. ऐकलं, आणि काही सेकंदांत काळं पाणी वर आलं. मला इतका आनंद झाला की दुसरं भोक मी त्याला न विचारताच पाडलं.

तिसऱ्यासाठी चार पावलं पुढे गेले, तर तो म्हणाला, "थोडी पलीकडे सरक. तिथे एक अर्धवट आहे."

खरंच होतं. वरून गोठलेला गोल खळगा, खोल नव्हता.

"कोणी सोडलं हे?"

"मीच. त्या दिवशी." तो बादलीवर बसला. "छातीत काही दुखलं नाही गं. पण फिरवता फिरवता एकदम भीती वाटली. मग गिरमिट धरून इथेच बसून राहिलो. गाडीपर्यंत चालवेल की नाही, कळेना."

"मला फोन का नाही केलास?"

"तू म्हणाली असतीस, आता बंद."

म्हणालेच असते. आणि त्या दुपारी जे झालं त्यावरून मी त्याला जेवताना चिडवत होते. मी गिरमिट त्या खळग्यावर टेकवलं, न दाबता बटण धरून ठेवलं, आणि त्याचं अर्धं राहिलेलं भोक पुरं केलं. त्याने बादली जवळ ओढून त्याच भोकात गळ सोडला.