गुळव्याच्या नजरेखालचा गंबो

सांगलीला परत आल्यावर माझा गंबो लागोपाठ तीनदा करपला आणि तिन्ही वेळा मी दुसऱ्याच कुणाला तरी दोष दिला. पहिल्यांदा मैदा जुना होता, दुसऱ्यांदा शेगडीचा बर्नर मोठा होता, तिसऱ्यांदा ऐन वेळी कुरिअरवाल्याने बेल वाजवली. खरी गोष्ट एवढीच की माझं डोकं शेगडीच्या आधी तापतं, आणि पाऊण तास एका जागी उभं राहून पीठ हलवत बसणं माझ्या स्वभावात नाही.

गंबो म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेला, लुईझियानात करतात तो कोळंबी-खेकड्याचा दाट रस्सा. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही तिकडे अडीच वर्षं काढली. शेजारी एक म्हातारी एकटीच राहायची. पहिल्याच महिन्यात तिने मला हाताला धरून आपल्या स्वयंपाकघरात नेलं आणि गंबो शिकवला. तेलात मैदा घालायचा आणि मंद आचेवर हलवत राहायचं. तो आधी बदामी होतो, मग विटकरी, मग चॉकलेटच्या रंगाचा. तो शेवटचा रंग आणि करपणं यांच्यामध्ये जेमतेम अर्धं मिनिट असतं. तेवढ्यात चिरलेला कांदा आणि ढोबळी मिरची आत पडली पाहिजे, नाहीतर सगळं ओतून द्यायचं. म्हातारी माझ्या खांद्याशी उभी राहून 'आता' म्हणायची आणि मी कांदा टाकायचे. माझ्या गंबोची वाहवा व्हायची. पण 'आता' कधी म्हणायचं ते मी शिकलेच नव्हते, हे इथे एकटीने करायला लागल्यावर कळलं.

आणि त्याच घरात, गॅलरीतल्या खुर्चीवर, असं 'आता' म्हणण्यात सगळा जन्म घालवलेला माणूस बसला होता. माझ्या डोक्यात ते आलंसुद्धा नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, कुंडलच्या बाजूला आमच्या गावात गुळव्या होते. गुऱ्हाळावर मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळतो. जाळ घालणारा वेगळा असतो, काहील उतरवणारे वेगळे असतात. गुळव्याने फक्त काठाशी उभं राहून रसाकडे बघायचं आणि काहील कधी उतरवायची ते सांगायचं. शब्द थोडा आधी गेला तर गूळ धरत नाही, थोडा उशिरा गेला तर काळा पडतो. आबांचा शब्द कधी पुढे-मागे झाला नाही. घरात मात्र त्यांना चहासुद्धा करता यायचा नाही. आई असेपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं मला आठवत नाही. पाणीसुद्धा बाहेरूनच मागायचे.

आई गेल्यावर ते गावातच एकटे राहिले. गेल्या हंगामात काहिलीशेजारी अडखळून पडले. नशीब, बाहेरच्या बाजूला पडले. डावा कोपर तापलेल्या काठाला लागला आणि चांगलाच भाजला. मी गाडी घेऊन गेले आणि आबांना त्यांच्या पिशवीसकट सांगलीला घेऊन आले. रस्ताभर माझं तोंड चालू होतं. "चक्कर येती तर घरात बसावं माणसानं. परत काहिलीजवळ पाय ठेवायचा न्हाई, सांगून ठेवते." आबा खिडकीबाहेर बघत होते. चक्कर आली असं ते म्हणालेच नव्हते, ते मीच ठरवून टाकलं होतं.

विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये ते दिवसेंदिवस लहान होत गेले. दिवसभर गॅलरीत बसायचे. पेपर हातात दिला की घडीसुद्धा न मोडता बाजूला ठेवायचे. "रोज त्याच बातम्या," म्हणायचे. चहाचा कप मी त्यांच्या हातात द्यायचा, टेबलावर ठेवलेला त्यांना आवडायचा नाही. मला वाटलं, माझ्यावर रुसलेत. मीही त्यांचीच मुलगी, म्हटलं रुसू देत.

दसऱ्यानंतर गावाकडून फोन आला. एका शेतकऱ्याने रसायन न घालता गूळ करायला घेतला होता आणि त्याला जुन्या हाताचा गुळव्या हवा होता. दिवाळी झाली की काहील चढणार होती. रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर दुसरा माणूस बघतो, असं तो म्हणाला. आबांनी फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, "जाऊ का गं?"

माझ्या बापाने जन्मात पहिल्यांदा माझी परवानगी मागितली होती. मी फाडकन "न्हाई" म्हणाले आणि आत निघून गेले. आमचा दोन दिवस अबोला होता. नवरा पुण्याला गेलेला, त्यामुळे मध्यस्थी करायलाही कुणी नव्हतं.

रविवारी सकाळी मी बाजारात गेले. राग आला की मला काहीतरी किचकट रांधावंसं वाटतं. कोकणातून बर्फात आलेली कोळंबी चांगली मिळाली, खेकडे नदीचे मिळाले. म्हातारी कांद्यासोबत सेलरी, म्हणजे तिकडची एक वासाच्या देठांची भाजी, घालायची. ती आमच्या मंडईत कुणी ठेवत नाही. तिच्याऐवजी मी कोथिंबिरीच्या काड्या आणि कुंडीतल्या ओव्याची दोन पानं घेतली. तिखटाला घरची कांदा-लसूण चटणी होतीच. भेंडी अर्धा किलो घेतली. निम्मी पुसून, चिरून, लिंबू पिळून कोरडी परतून ठेवली. नंतर शेंगतेलात मैदा टाकला आणि दात-ओठ खात हलवायला लागले.

"करपतंय." गॅलरीतून आवाज आला.

दोन दिवसांनी ऐकलेला हा पहिला शब्द. मी कढईत बघितलं. "आवं आबा, आत्ताशी बदामी झालंय!"

"मधी न्हवं. कडंला करपतंय."

मी उलथन्याने कड खरवडली. काळे कण वर आले. मध्ये पूर्ण हॉल होता, त्यात स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं. मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. तेवढ्यात भिंतीला हात लावत आबा दाराशी येऊन उभे राहिले आणि तिथेच थबकले.

"आत येऊ का?"

"या की. कोण आडवतंय तुमाला?"

मी त्यांना स्टूल दिलं आणि गंबो काय असतो ते सांगितलं. रंगांचं सांगितलं, त्या अर्ध्या मिनिटाचं सांगितलं, म्हातारीच्या 'आता'चंही सांगितलं. त्यांनी मान हलवत सगळं ऐकलं. "म्हंजी काहीलच हाय की ही," म्हणाले. "वत ते. नवं घाल."

मी निमूटपणे कढई धुतली आणि नवीन मैदा घातला. आबांचा आवाज बदलला होता. गेलं वर्षभर "व्हय", "न्हाई", "नको" एवढंच बोलणारा माणूस आता हुकूम सोडत होता. "जाळ कमी कर. अजून कमी. कड धरून फिरव, मधलं आपलं आपण हुतंय. हात थांबवू नगंस."

मग त्यांचा हात ओट्यावरच्या ताटात गेला. परतलेली भेंडीची चकती त्यांनी दोन बोटांत चोळली.

"भेंडी? आणि चिकट कुठाय ह्याचा?"

"काढला. लिंबू पिळून परतली ना."

आबा हसले. नुसते हसले नाहीत, खोकला येईपर्यंत हसले. "आगं, चिकटासाठीच तर भेंडी! रसात आमी काय घालतो? भेंडीची झाडं ठेचून पाण्यात भिजवायची आणि ते चिकट पाणी काहिलीत सोडायचं. सगळी मळी धरून वर येती. तवा गूळ सोन्यासारखा हुतोय. गुळव्याची पोर तू, आणि चिकट टाकून देतीस व्हय गं?"

आता खरं सांगायला हरकत नाही. म्हातारीही मला हेच सांगायची. भेंडी कच्चीच घाल, तिच्या चिकटानेच रस्सा दाट होतो. मी मान डोलवायचे आणि माझ्या घरी करताना गुपचूप परतून घालायचे. आईने शिकवलेली भेंडी हातून सुटत नव्हती. तो चिकट कामाचा असतो हे मला माझ्याच बापाकडून कळायचं राहिलं होतं. उरलेली भेंडी मी कच्चीच चिरून ठेवली, तेवढा वेळ आबांनी उलथनं हातात घेतलं. कढईची कड त्यांनी आधी उलथन्याने चाचपली आणि मग एका लयीत फिरवत राहिले.

पाऊण तास आम्ही त्या शेगडीपाशी होतो. आबा आईबद्दल बोलले. ती भाकरी घेऊन गुऱ्हाळावर यायची तेव्हा काहील भरात असली की हे मान वर करायचे नाहीत. ती चिडायची, बडबडायची, आणि शेवटी स्वतःच्या हाताने यांच्या तोंडात घास घालायची, चार माणसांसमोर. "लय लाजायचो मी," म्हणाले. "पर कवा नको म्हणलो न्हाई." मला हे माहीत नव्हतं. ऐकून मला खूप बरं वाटलं आणि आईची फार आठवण आली.

बोलता बोलता ते मध्येच थांबले. मान तिरकी केली, नाकाने श्वास ओढला आणि ओरडले, "आता! टाक!"

मी कांदा टाकला, मिरची टाकली, काड्या टाकल्या. चर्र आवाज झाला आणि ओट्यावरून तो वास उठला, त्या परक्या गावातल्या म्हातारीच्या घरचा, अगदी तोच. रंगही तसाच चॉकलेटी, एक काळा कण नाही. मला इतका आनंद झाला की माझा सगळा हट्ट तिथेच गळून पडला.

"आबा, जावा तुमी गुऱ्हाळावर. आजच फोन करू. खुर्ची टाकून लांब बसायचं आणि नुसतं सांगायचं. जमतंय की तुमाला!"

मी कोळंबी धुवायला घेतली. मग आबा म्हणाले, "न्हाई जायाचं मला."

"का? एवढं विचारत हुता की."

"त्या पिठाचा रंग कसा झालता?"

"चॉकलेटी. आवं, तुमीच सांगितला की."

"मला दिसला न्हाई," आबा म्हणाले. "वासावर सांगितलं. पीठ हाय म्हणून भागलं. गूळ वासावर उतरवता येत न्हाई. त्याला रंग बघावाच लागतोय. काहिलीची कडसुदिक दिसली न्हाई मला, पडलो तवा. चक्कर-बिक्कर काय न्हवती."

नळ चालूच होता. पेपरची न मोडलेली घडी, हातात द्यायचा कप, भिंतीवरून सरकणारा हात, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. माझ्या डोळ्यांना तर काही झालं नव्हतं.

"कवापासनं?"

"तीन हंगाम झालं. दर साली जरा जरा धुरकट हुत गेलं."

"आणि मग मला विचारलं कशाला, जाऊ का म्हणून?"

"तू न्हाई म्हणशील म्हणून." ते ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत होते. "लेकीनं अडवलं म्हणलं की झालं. दिसत न्हाई म्हणून कुणाला सांगायला नको. गुळव्याचं डोळं गेलं म्हणलं की गुळव्या संपला गं."

मी भांडले. दुसरं मला काही येत नाही. मिरजेला जाऊन मोतीबिंदू काढून येतात लोक, तीन वर्षं आंधळ्यासारखं वावरायचं आणि पोटच्या पोरीलाही सांगायचं नाही, ही कुठली रीत, असं बरंच काही मी हातातली कोळंबी नाचवत बोलले. बोलताना रडत होते. आबा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "रस्सा हलव. खाली लागंल."

जेवताना त्यांनी दोनदा भात मागून घेतला आणि मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. संध्याकाळी मी त्या शेतकऱ्याला फोन केला. आबा येतील, पण डोळे करून घेऊन, महिनाभर उशिराने येतील, असं सांगितलं. तो म्हणाला, थांबतो. फोन ठेवला तेव्हा आबा पाठ करून गॅलरीत उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

मिरजेला आधी उजवा डोळा झाला, मग डावा. भीती फार होती त्यांना. ऑपरेशनला आत नेईपर्यंत माझा हात सोडला नाही. दुसऱ्या डोळ्याचा काळा चष्मा निघाल्यावर, गावाला जायच्या आदल्या रविवारी, त्यांनीच गंबो मागितला. "ह्या टायमाला रंग बघून सांगतो," म्हणाले.

मी मैदा हलवायला लागले आणि आबा स्टुलावर बसले. बदामी झाला, विटकरी झाला. मी कांद्याचं ताट डाव्या हातात धरून तयार होते. त्यांचा शब्द काही येईना.

"आबा, आता का? लवकर सांगा."

मी वळून बघितलं. ते कढईकडे बघतच नव्हते. चष्म्याशिवाय, डोळे बारीक न करता, ते माझ्याकडे बघत होते.

"तुजं केस कवा पिकलं गं, पोरी?"

माझा हात थांबला. पीठ करपल्याचा वास आम्हा दोघांनाही आला, पण ह्या वेळी मी कुणालाच दोष दिला नाही.