देव्हाऱ्यातलं लॅटिन

आमच्या देव्हाऱ्यात गणपतीच्या शेजारी एका इंग्रजी विद्यापीठाचं बोधचिन्ह होतं. उघडं पुस्तक, वर एक तारा आणि खाली लॅटिनमध्ये तीन शब्द. दादा शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला गेला, तेव्हा पहिल्या नाताळात त्यानं पाठवलेलं ते भेटकार्ड. बाबांनी त्याला चौकट करून आणली आणि थेट देवात नेऊन बसवली. सत्तरच्या दशकात आमच्या बेटावरच्या प्लेन मान्येन गावातल्या आळीतून परदेशी शिकायला गेलेला दादा पहिलाच. बाबांना त्याचा मान मिळत होता, आणि मिळालेला मान सोडून देणाऱ्यातले बाबा नव्हते.

ते साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होते आणि संध्याकाळी देवळात मुलांना मराठी शिकवायचे. आमच्या पूर्वजांनी उसाच्या मळ्यांत मजुरीला येताना बोटीतून आणलेल्या आरत्या त्यांना तोंडपाठ. चतुर्थीला मंत्रपुष्पांजली संपली की ते जोडलेले हात न सोडता चौकटीतले ते तीन शब्द खणखणीत आवाजात म्हणत, "लुमेन ए लोंगिंक्वो!" जमलेली मंडळीही फुलं धरून मागोमाग म्हणायची. मी एकदा विचारलं, याचा अर्थ काय? बाबा म्हणाले, "मंत्रपुष्पांजलीचा कळतो तुला?" मला कळत नव्हता. त्यांनाही कळत नव्हता, हे मात्र मला फार उशिरा समजलं. जी भाषा कोणी बोलत नाही ती देवाची, असा त्यांचा सरळ हिशोब.

आईनं ते शब्द नवसाला लावले. सकाळ-संध्याकाळ दिवा लावताना ती ते पुटपुटायची आणि मागणं एकच, पोरगा शिकून घरी येऊ दे. विमानतळ इतका जवळ की विमान उतरताना फळीवरची भांडी वाजत. आई तांदूळ निवडता निवडता थांबायची, मग पुन्हा निवडायला लागायची. मला दादाचा भयंकर राग यायचा. आणि आठवण तर अशी यायची की त्याच्या गंजक्या सायकलीला मी कोणाला हात लावू देत नसे.

त्याला पदवी मिळाली. तो आला नाही. आधी पुढचा अभ्यास, मग तात्पुरती नोकरी, मग कायमची. कोपऱ्यावरच्या चिनी दुकानात त्याचा फोन यायचा, तेव्हा तो घाईत असायचा. मराठीत सुरुवात करून दोन वाक्यांत क्रिओलवर, बेटावरच्या रोजच्या बोलीवर, घसरायचा. बाबा दुकानातून बाहेर येऊन लोकांना सांगत, साहेब झालाय आता. आई घरी जाऊन दिवा लावायची.

एके दिवशी ती मला म्हणाली, "इतकी वरसं ह्ये सबद म्हनते मी. देवाकडं मागते तरी काय, ते मला ठाव नाय. चल, मोन पेरला इचारू." मोन पेर म्हणजे गावातल्या चर्चचे म्हातारे फ्रेंच पाद्री. हिंदूही त्यांना त्याच नावानं हाक मारत. आईनं चौकट देव्हाऱ्यातून उचलली, पदराखाली झाकली आणि आम्ही निघालो.

पाद्र्यांनी चष्मा लावून वाचलं आणि क्रिओलमध्ये सांगितलं, "दुरून येणारा उजेड."

"बस?" आईनं विचारलं. "घरी परत या, असं कुठंच नाही?"

"नाही, बाई. विद्यापीठं असंच लिहितात. कोणी प्रकाश म्हणतं, कोणी सत्य, कोणी शहाणपण. घरी परत जा, असं लिहिलेलं विद्यापीठ मी तरी पाहिलं नाही." त्यांनी चष्मा काढून झग्याला पुसला. "मी शिकायला निघालो तेव्हा माझी आई दारात उभी होती. नंतर ती मला दिसली नाही."

आईनं चौकट पुन्हा पदराखाली घेतली. मग त्यांना म्हणाली, "ऊ फिन मांझे?" जेवलात का? ते जेवले नव्हते. संध्याकाळी मी त्यांना डाळभात आणि लोणचं नेऊन दिलं.

त्या वर्षी चतुर्थीला मंत्रपुष्पांजली संपली, बाबांनी पुढच्यासाठी श्वास घेतला, तेवढ्यात आईनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"ते ऱ्हाऊ द्या."

आणि सगळ्यांसमोर, डोईवरचा पदर सारखा करत ती गणपतीला म्हणाली, "देवा, माज्या पोराला घरी आन. मोठा नको करू. फकस्त आन." माझी आई चारचौघांत कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. लोक हातातल्या फुलांकडे बघत उभे राहिले. बाबांनी जोडलेले हात सोडले.

देवानं अर्धं ऐकलं. ऐंशीच्या दशकात दादा दोनदा आला, सुट्टीपुरता. पहिल्यांदा आला तेव्हा बाबा त्याला कारखाना दाखवायला घेऊन गेले, जणू त्यानं तो कधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपाशी चहा गाळत होती. डब्यातून साखरेचा चमचा भरून घेतला आणि ती मधेच अडखळली. पोटच्या पोराला तिनं पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "साखर किती घालू रे?"

"साखर नको, आई. सोडली मी."

आईनं भरलेला चमचा पुन्हा डब्यात ओतला.