न आलेल्या पुराची रेघ

तापीची शपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे एकदोन अक्षरं इकडची तिकडं झाली असतील. तापीला सांगू नका! पाऊस मोजायच्या ऑफिसात नोकरी केली की फायलींपेक्षा किस्सेच जास्त साचतात. फायलींना निदान वाळवी तरी लागते!

बुधवारा पेठेतल्या आमच्या ऑफिसात माणसं दोनच. मी कारकून आणि नागपूरहून आलेले दामलेसाहेब. साहेबांचं काम जगावेगळं. पाऊस, वारा, नदीच्या जुन्या नोंदी यांचं गणित मांडून, तापीला आजवर कधीच आला नाही असा पूर आला तर पाणी कुठवर चढेल ते काढायचं. आणि तो यायच्या आत घाटावरची वस्ती वर हलवायची.

घाटावर शेवंतामावशीचं भज्यांचं दुकान, मागंच घर. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "साहेब, माझ्या आज्याच्या काळातबी पाणी इथवर आलं नाही!"

"म्हणूनच तर सांगायला आलो. आलं असतं तर तुम्हीच मला सांगितलं असतं!"

*

जवळच्या निंबोला गावचं पर्जन्यमापक तिथल्या शाळेतल्या गुरुजींच्या ताब्यात. त्यांचे आकडे बघून साहेबांना घाम फुटला. निंबोल्यानं चेरापुंजीला मागं टाकलं होतं!

टांगा करून गेलो. यंत्र केळीच्या खुंटाखाली ठेवलेलं, आणि वरचं भलंमोठं पान पन्हाळीसारखं थेट त्यातच गळत होतं.

"गुरुजी, हे इथं का ठेवलं?"

"उघड्यावर सरकारी वस्तू भिजते ना साहेब!"

निंबोल्याच्या आकड्यांवर फुली मारून साहेबांनी सगळं गणित पुन्हा मांडलं.

*

मग साहेबांनी होड्या आणि दोर मागणारं पत्र नागपूरला धाडलं. तेव्हा भाषावार राज्यांची जोडाजोड चालली होती. नागपूरचं उत्तर आलं, 'आपला जिल्हा आता आमच्याकडे नाही. पुराबाबत भोपाळला लिहावे.'

भोपाळला लिहिलं. तिकडून उत्तर, 'आपली फाइल नागपूरहून यायची आहे. तोवर पुराची कार्यवाही स्थगित ठेवावी.'

साहेबांनी ते पत्र घाटावर नेऊन तापीला मोठ्यानं वाचून दाखवलं!

मावशी कढईवरनं मान वर न करता म्हणाली, "खाली शिक्का हाय का? बिनशिक्क्याचं ती ऐकत नाही."

*

होड्या नाहीत, निदान रंग तरी होता. घाटावरच्या भिंतींवर साहेबांच्या गणिताप्रमाणे मी लाल रेघ ओढली. मावशीचं छप्पर रेघेच्या पुरुषभर खाली! लगेच आवई उठली, रेघेखालची जागा सरकार घेणार.

सोमवारी जाऊन बघतो तर रेघेवर चुना फासलेला, आणि नवी लाल रेघ सगळ्यात खालच्या पायरीला!

"हे कुणी केलं?" साहेब ओरडले.

"आमी सगळ्यांनी मिळून," मावशी म्हणाली. "तुमचं गणित जरा जास्त झालतं. आमी कमी करून दिलं!"

*

श्रावणात एका सकाळी नदीच्या वरच्या अंगाच्या ठाण्यावरून तार आली. पाणी झपाट्यानं वाढतंय. साहेबांच्या हिशेबानं ते दुपारी आमच्या दारात. आणि इथं तर लख्ख ऊन! साहेब घरोघर हात जोडत फिरले. कुणी हलेना. मावशीनं त्यांना बसवून भजी खायला घातली.

साहेब परत आले ते पांढरेफटक पडून. "गणित बरोबर आहे हो! पण गणितानं माणूस जागचा उठत नाही. तुम्ही एवढ्या थापा मारता, मारा की एक!"

मी घाटावर जाऊन बोंब ठोकली, "चढावरच्या शाळेत सरकारी फोटोवाला आलाय! घरादाराचा फोटो, एकदम फुकट! ज्याचं जे जे असेल ते घेऊन उभं राहायचं! ऊन आहे तोवरच!"

तासाभरात घाट रिकामा! ठेवणीतली लुगडी, फेटे, शेळ्या, शिवणयंत्र, एकाची तर अख्खी खाट. सगळ्यांपुढं कढई डोक्यावर घेतलेली मावशी. "मले बरोबर मधात उभी कर रे भाऊ!"

दुपारी तापी आली. मावशीचं छप्पर गेलं. पाणी थांबलं ते चुन्याखालून पुसट दिसणाऱ्या रेघेच्या चार बोटं खाली.

फोटोवाला अर्थातच नव्हता!

*

आता शपथ घेतलीय तर कबूल करतो. हे शेवटचं वाक्य मी रचलंय. फोटोवाला होता. मी घाटावर बोंबलत होतो तेव्हा साहेब बाजारात धावले आणि एकाला कॅमेऱ्यासकट ओढत शाळेत घेऊन आले. "सरकारी माणसानं खोटं बोलायचं नसतं," म्हणाले.

दुपारी पाणी चढत असताना काढलेला तो फोटो माझ्याकडं आहे. सगळे नटूनथटून उभे, शेळ्यासुद्धा. मधोमध कढई घेऊन मावशी.

एकही जण कॅमेऱ्याकडं बघत नाहीये.