वीस माणसांची मोटार

मला आधी एक सांगा मंडळी, जो माणूस आपल्याकडून काहीच मागत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही? मी जातिवंत व्यापारी, मी नाही ठेवला. आणि काय फजिती झाली म्हणता! अजून मुरबाडच्या बाजारात लोक मला पाहून हसतात.

लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेना, म्हणून माझी शहापूर-मुरबाड मोटार कोळशाच्या गॅसवर खोकत चाले. परवाना वीस माणसांचा; बसत चाळीस. टपावरचे कोण मोजतो? दुसऱ्या मोटारीसाठी मी अर्ज केला होता. तेवढ्यात मुंबईहून एक प्रोफेसर आले, शहरातल्या ट्राम-बसगाड्यांचा अभ्यास करणारे. म्हणाले, "शेठ, शहरात येणारा माणूस मुळात निघतो कसा, ते पाहायचंय. माझं टिपण परवान्याच्या कचेरीतही जाईल."

झालं! काहीच मागत नाही, म्हणजे हा जादा माणसं पकडायला आलाय, असं मला वाटलं. दुसरी मोटार राहिली, आहे तीही जाणार!

गणपत ड्रायव्हरला बजावलं, "आज वीस म्हणजे वीस. एकविसावा देव आला तरी घेऊ नकोस."

मी आणि प्रोफेसर धरून वीस भरले. किन्हवलीला कोळसा ढवळायला थांबलो, तर ही गर्दी! मी उडी मारली आणि सगळ्यांना आंब्यांमागे पिटाळलं.

"इथे कोणी चढत नाही?" प्रोफेसरांनी विचारलं.

"छे हो! आमच्याकडे लोकांना चालायची हौस."

"मग दुसरी मोटार कशाला?" त्यांनी पेन्सिल काढली.

गर्दी नाही म्हणावं तर अर्ज गेला, आहे म्हणावं तर ती दाखवावी लागणार!

इतक्यात आंब्यामागून म्हातारी ठमाबाय आली. "हौस? माझ्या गुडघ्यांना इचार हौस! लेक बालंत झालीय मुरबाडला. रोज टपावर कोंबतोस, आज काय झाला रे शेठ तुला?"

मी तिला आवरायला धावलो. प्रोफेसर मात्र शांतपणे म्हणाले, "गाडीत किती बसले ते गाडीवालाही सांगतो, शेठ. मी मोजतो थांब्यावर राहिलेले. ज्याला गाडी मिळाली नाही, त्याच्यासाठी गाड्या आखायच्या. मुंबईत माझं काम एवढंच." आणि उतरून त्यांनी आपली जागा ठमाबायला दिली!

एवढा शिकलेला माणूस उतरला, मग मी कसा बसणार? माझी जागा एका म्हाताऱ्या बाबांना दिली. म्हटलं, आपण टपावर चढू. तोच गणपतने गाडी हाकली.

"अरे थांब! मी राहिलो!"

"वीस झाले, शेठ! तुमीच बोललात ना!"

धुराचा लोट माझ्या तोंडावर. आंब्यामागे हशा. प्रोफेसर एकेकाला मोजत होते, "तेहेतीस... चौतीस..." माझ्यापाशी आले. पेन्सिल माझ्याकडे रोखून म्हणाले, "पस्तीस."

मुरबाडपर्यंत पायपीट केली, पण त्यांच्याशी बोलत. असा माणूस पुन्हा नाही भेटला. त्याच पस्तिसाच्या आकड्यावर मला दुसऱ्या मोटारीचा परवाना मिळाला.

तेव्हा मंडळी, त्या परवान्याची गोष्ट कोणी काढली तर हिशेब तेवढा खरा सांगा. अडलेली माणसं चौतीसच होती. पस्तिसावा मोटारीचा मालक होता!